नाचणगावचा मोर

वर्धा

वर्ध्याच्या स्टेशनावर उतरलो तेव्हा आगाश्यांच्या गळ्यात हार पडला आणि माझ्या हातात संत्र्यांची पिशवी आली. हार घालणारे गृहस्थ म्हणजे प्रभाकरराव इंगळे, आमचे अर्जदार. सोबत आणलेल्या दोघांना त्यांनी आमची ओळख करून दिली, "हे पुन्याचे सायेब, न ह्या बाई. निशाणी तपासाले आले." दोघांनी नमस्कार केला आणि त्यांतल्या एकाने भाच्याच्या बदलीचं काही होईल का, असं विचारलं. आगाशे म्हणाले, बदल्या आमच्याकडे येत नाहीत, आमच्याकडे फक्त तेरावं शतक येतं. त्या गृहस्थाने समजूतदारपणे मान हलवली. तो वेगळा विभाग असावा, असं त्याला वाटलं असणार.

हे नीट सांगायला हवं. पुण्यात आमचं एक मंडळ आहे. वर्षातून एकदा, थंडी सरता सरता, आम्ही एक मंगल कार्यालय घेतो आणि तिथे यादवांच्या काळची राजसभा भरवतो. सभेत स्वतःच्या नावानं बसता येत नाही. प्रत्येकाने त्या काळचं एक नाव घ्यायचं, आणि तसं नाव त्या काळी खरोखर कोणी ठेवत असे हे दगडावरून, ताम्रपटावरून नाहीतर पोथीवरून दाखवायचं. नावासोबत एक निशाण. तेही पुराव्यानिशी. दोघांचं निशाण एक असता कामा नये. सारखं असलंच तर निदान एक ठळक फरक हवा. मी मुलींच्या शाळेत संस्कृत शिकवते म्हणून नावं माझ्याकडे. आगाश्यांची हयात सरकारी नकाशे काढण्यात गेली म्हणून निशाणं त्यांच्याकडे. दोन्ही पसंत पडली की अर्जदाराला नोंदीचा कागद मिळतो. माझी वहिनी या सगळ्याला मोठ्यांची भातुकली म्हणते. तिचं बरोबर आहे, फक्त भातुकलीत भांडणं लवकर मिटतात.

प्रभाकररावांचा अर्ज हा पुण्याबाहेरून आलेला पहिलाच. नाव, साइदेव. निशाण, मोर. आधार, नाचणगावच्या शिवारातला एक वीरगळ, म्हणजे लढाईत पडलेल्या माणसाच्या आठवणीचा कोरीव दगड. त्यावर खाली 'साइ' अशी अक्षरं आहेत आणि वर मोर आहे, इंगळ्यांचं मूळ घर नाचणगावचं, तेव्हा हा वीर त्यांचा पूर्वज, असं म्हणणं होतं. आगाश्यांनी शंका कळवल्या. प्रत्येक शंकेला सुवाच्य अक्षरात मुद्देसूद उत्तर आलं. पुण्यातल्या सभासदांनी इतकी निष्ठा कधी दाखवली नव्हती.

"बाई," आगाशे मला म्हणाले, "इतका मुद्देसूद माणूस खरा तरी असतो, नाहीतर घाईत तरी. जाऊन पाहिलं पाहिजे."

म्हणून एकोणऐंशी सालच्या नाताळच्या सुट्टीत आम्ही दोघं गेलो. आगाशेवहिनींनी डबा दिला आणि आगाश्यांचा मफलर माझ्या ताब्यात दिला. गाडीबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. ती चालली आणि वर्धा आलं.

बोरगाव मेघे

इंगळे गावाच्या कडेला बोरगाव मेघेला राहतात. ऑटोतून जाताना कापसाच्या बंड्यांची रांग लागली होती. बैलबंडीवर घराएवढा कापूस रचलेला, त्यावर मालक आडवा झालेला, आणि बैल आपले ओळखीच्या रस्त्याने बाजाराकडे चाललेले. बंड्या घासून जातात म्हणून रस्त्याकडच्या बाभळींनाही कापूस लागला होता. आगाश्यांनी ऑटो थांबवून ती बाभूळ कुठल्या जातीची आहे, असं विचारलं. मी त्यांना मफलर दिला.

घर नवं, आटोपशीर. प्रभाकरराव कापूस बाजारात नोकरीला. पत्नी इंदूबाई. थोरला मुलगा लग्न होऊन नागपूरला, आणि धाकटी सुनंदा कॉलेजच्या लायब्ररीत. सुनंदाने वाकून नमस्कार केला आणि म्हणाली, "मी येतो कॉलेजातून, मग बोलू." मी 'येतो' कोण म्हणालं म्हणून तिच्या मागे पाहिलं. तिथे कोणी नव्हतं. इकडे बायकाही 'मी येतो, मी जातो' म्हणतात. दोन दिवसांनी मीही म्हणायला लागले आणि पुण्यात परतल्यावर शाळेत दोनदा हसं झालं.

जेवायला सांभारवडी होती. इकडे कोथिंबिरीला सांभार म्हणतात. आगाश्यांना हे माहीत नसल्यामुळे ते डाळीच्या सांबाराची वाट पाहत वाटी पुढे धरून बसले. इंदूबाईंनी काही न विचारता त्या वाटीत तर्री ओतली. आगाशे ती प्यायले. नंतर दोन तांबे पाणी प्यायले, आणि मगच त्यांनी हा प्रदेश ऐतिहासिकदृष्ट्या लढाऊ असल्याचं मत दिलं.

मग चौकशी सुरू झाली.

"मोराचं तोंड कोणत्या बाजूला आहे?" आगाश्यांनी विचारलं.

"तुमच्याकडे कोनतं चालते?" प्रभाकरराव म्हणाले.

"चालण्याचा प्रश्न नाही. दगडावर कसं आहे?"

"दगडावर तसं पाह्यलं त मोर सरळच पाहून राह्यला." त्यांनी विषय बदलला. "कागदावर शिक्का राहीन न?"

"राहील."

"गोल का चौकोनी?"

"गोल."

"गोल बेस राह्यते," प्रभाकरराव समाधानाने म्हणाले. मग खुर्ची पुढे ओढून, "मले दोन परती पायजे. एक घरी ठेवाले, एक दाखवाले."

"कोणाला दाखवायला?" मी विचारलं.

"लोकायले," ते म्हणाले, आणि इंदूबाईंनी माझ्या पानात आणखी दोन वड्या वाढल्या.

नाचणगाव

दुसऱ्या दिवशी पुलगावची एस.टी. धरली. पुलगावला उतरून नाचणगावला चालत जाता येतं. थंडी होती पण ऊन चांगलं वर आलं होतं. तरीही गाव लागल्याबरोबर प्रभाकररावांनी डोक्याचा दुपट्टा सोडून तोंडाला गुंडाळला. फक्त डोळे उघडे ठेवले. गावाबाहेरच्या पाणंदीने आम्हाला शिवारात नेलं. एका बाजूला पिवळ्या फुलांनी भरलेली तूर, दुसरीकडे फुटलेला कापूस, आणि बांधावर एका कडुनिंबाखाली आमचा दगड.

वीरगळ खराच होता. शेंदूर, उदबत्तीच्या काड्या, नारळाच्या करवंट्या. आगाश्यांनी चपला काढल्या, दगडाला नमस्कार केला आणि शेंदराला धक्का न लावता पाहणी सुरू केली. सगळ्यात खाली लढाई होती. मधल्या भागात वीर स्वर्गात निघालेला, दोन्ही बाजूंना अप्सरा. वर तो महादेवाची पूजा करत बसलेला. अगदी तळाशी अक्षरांची ओळ. पुढचा दगड फुटलेला होता, पण सुरुवातीचं 'साइ' मला स्पष्ट वाचता आलं. फार बरं वाटलं. सातशे वर्षं एक माणूस बांधावर निम्म्या नावानं उभा होता आणि मी त्याला हाक मारू शकत होते.

"आन हा मोर," प्रभाकररावांनी मधल्या भागाकडे बोट केलं. तिथे एक दांडी होती आणि दांडीच्या टोकाला झिजलेला झुबका.

आगाशे जवळ सरकले. त्यांनी पिशवीतून जाड कागद काढला, ओला केला, दगडावर बसवला आणि ब्रशने ठोकू लागले. असा कागद वाळला की दगडाचा ठसा त्यावर हुबेहूब उठतो. बसवून झाला आणि मागून आवाज आला.

"कोन व्हय जी?"

उंच, सडपातळ बाई होत्या. नऊवारी लुगडं, कमरेला कापूस वेचायची ओटी. त्या सगुणाआत्या राऊत. शेत त्यांच्या घरचं. त्यांनी आम्हाला पाहिलं, कागद पाहिला, आणि मग दुपट्ट्यातल्या डोळ्यांकडे पाहिलं.

"परभाकर, तोंड उघडं कर. वयखला मी तुले."

प्रभाकररावांनी दुपट्टा सोडला.

"हे कोन आनले?"

"पुन्याचे सायेब."

"काऊन?"

"आमचं मोराचं देवक तपासाले," प्रभाकरराव खालच्या आवाजात म्हणाले.

आत्तापर्यंत आमच्यासमोर हा शब्द त्यांनी काढला नव्हता. लग्नाआधी घरोघर झाडाची डहाळी, पान, पीस असं काही आणून पुजतात ते देवक. ती त्या कुळाची खूण. दोन घरांचं देवक एक असेल तर ती भावकी मानतात आणि त्यांच्यात सोयरीक होत नाही. हल्ली सगळेच इतकं पाळतात असं नाही. ही दोन घरं पाळत होती.

"तुह्या घरी त कयंब होता न बापा?" आत्या म्हणाल्या. इकडे 'ळ'चा 'य' होतो. कयंब म्हणजे कळंब. "तुह्या पोराच्या लग्नात म्या माह्या डोयानं पाह्यला. आता त्याचा मोर कवा झाला?"

प्रभाकरराव दगडाकडे पाहत राहिले. मग आत्यांनीच मला सांगितलं, आणि त्यात राग वगैरे काही नव्हता, हवापाणी सांगावं तसं सांगितलं. त्यांचा पुतण्या मधुकर आणि सुनंदा यांचं तिच्या लायब्ररीतच जमलं होतं. दोघांचीही मर्जी होती, घरंही एकमेकांच्या माहितीतली. अडचण एकच, इंगळे आणि राऊत दोघांचंही देवक कळंब. सुनंदाच्या वडिलांनी यावर तोड काढली होती ती आमच्या मंडळात. इंगळ्यांचं निशाण मोर आहे असा गोल शिक्क्याचा कागद पुण्याहून आला, की प्रश्न सुटला.

आगाशे ब्रश हातात धरून उभे होते. मंडळ निघाल्यापासून आमच्या कागदाचा कोणाला उपयोग झाल्याचं ऐकिवात नव्हतं. त्यांचा चेहरा एकाच वेळी दुखावलेला आणि थोडासा सन्मानित दिसला.

"कागद वायू द्या," आत्या म्हणाल्या. "चाला, जेवा."

आम्ही जेवून आलो का, असं कोणी विचारलं नाही. पुण्यात असा प्रश्न विचारतात, आणि त्याचं उत्तर 'जेवून आलो' असं असतं. इथे पाट मांडले गेले. ज्वारीच्या भाकरी, वांग्याचं भरीत, तुरीच्या कोवळ्या दाण्यांची भाजी, वर कच्चं तेल. जेवण अर्ध्यावर आलं तेव्हा मधुकर आला. तो पुलगावला जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातून सरकी काढतात त्या कारखान्यात, फिटर होता. केसांत कापसाचे तंतू. सुनंदाच्या वडिलांना पाहून तो दारातच थांबला. मग आत येऊन भिंतीशी बसला. काहीतरी बोलायला हवं म्हणून मी म्हटलं, "तुम्ही लायब्ररीत जाता ना? काय वाचता?"

तो प्रामाणिक माणूस होता. "वाचत नाई जी," म्हणाला. "पुस्तक बदलतो."

परत बांधावर आलो तेव्हा कागद वाळला होता. खालची अक्षरांची बाजू दगडावर होती. बाकीचा कागद एका बकरीच्या तोंडात होता. आगाशे धावले, बकरीही धावली, आणि तुरीत शिरताना तिने उरलेलं गिळून टाकलं.

"मोर गेला," प्रभाकरराव म्हणाले.

दुसरा कागद नव्हता. आगाश्यांनी भिंग काढलं, दगडासमोर मांडी घातली आणि त्या झुबक्याकडे पाहत बसले. आम्ही सगळे मागे उभे. तोपर्यंत राऊतांच्या घरची माणसं आली होती, शेजारच्या शेतातले दोघेतिघे आले होते. मधुकरही आला होता. मला तेव्हा पहिल्यांदा मंडळ सोडून पुण्याला जावंसं वाटलं.

आगाशे उठले. "हा मोर नाही," ते म्हणाले. "आणि कळंबही नाही. ही दांडी अप्सरेच्या हातात आहे. ती वीरावर वारा घालते आहे. ही चवरी आहे."

वाऱ्याने तूर हलली.

"मंग चवरी लिहा," प्रभाकरराव म्हणाले.

"ती अप्सरेची आहे. तुमच्या घरची नाही."

"पुन्याचा मानूस खरं बोलते," आत्या म्हणाल्या आणि ओटी सावरत कापसात निघून गेल्या. मधुकर बराच वेळ तिथेच उभा राहिला. मग त्याने आम्हाला पुलगावच्या स्टँडवर सोडलं, गाडीत जागा धरून दिली आणि प्रभाकररावांच्या हातातली पिशवी खिडकीतून आत दिली. आगाश्यांनी गाडीत निकाल सांगितला, नाव मंजूर, निशाण अमान्य. नावाचं कोणालाच काही पडलं नव्हतं.

बोरगाव मेघे, पुन्हा

सकाळी चहा झाला आणि प्रभाकरराव आगाश्यांसमोर येऊन बसले. काल दगडापाशी बोलणारा माणूस हा नव्हता.

"सायेब, मी काई लबाड मानूस नाई," ते म्हणाले. "पोरगी माही कवाच काई मांगत नाई. लहानपनी फ्राक मांगतला नाई. हे एकच मांगतलं, न तेच मले देता येऊन नाई राह्यलं. तुमाले काय जाते? तिकडे पुन्यात मोर काय न कयंब काय."

आगाश्यांनी चष्मा काढला आणि पुसला. त्यांना दोन मुली आहेत. त्यांनी बराच वेळ विचार केला आणि मग आमच्या नियमांतली ती वाट काढली. निशाण सारखं असेल तर एक ठळक फरक चालतो. राऊतांची कळंबाची डहाळी नुसत्या पानांची. इंगळ्यांची फुलासकट नोंदवली तर मंडळाच्या दृष्टीने ती दोन वेगळी निशाणं. यात खोटं काही नव्हतं. हा नियम आम्ही एका रविवारी आगाश्यांच्याच गच्चीवर केला होता, शेंगा खाताना.

प्रभाकररावांनी आगाश्यांचे पाय धरायला हात पुढे केला. तेवढ्यात सुनंदा आतून आली. लायब्ररीला जायच्या तयारीत होती, खांद्याला पर्स.

"नाई बाबा," ती म्हणाली. "तुम्ही सांगितलं तसं सगळं मी लिहून दिलं, इथवर ठीक होतं. आता डहाळीला फूल लावून कुणाला फसवायचं? आपलं देवक कळंब आहे. दादाच्या लग्नात मीच तर डहाळी धरून उभी होते."

"मंग तू करतं काय?"

"आत्याला कुणी विचारलं का, काय करायचं म्हणून?"

"ते कयंब म्हन्ते. आनखी काय इचाराचं?"

"तेच विचारायचं," सुनंदा म्हणाली. तिने कॉलेजात निरोप पाठवला आणि माझ्याकडे वळली. "बाई, येता का माझ्यासोबत? एकटी गेली तर त्यांना वाटेल भांडायला आली."

आम्ही दोघी गेलो. गाडीत पुलगाव जवळ आल्यावर तिने विचारलं, "तुम्ही लग्न नाही केलं ना बाई? मग अडत नाही का काही?" मी म्हटलं, अडतं, पण लग्न केलेल्यांचंही अडताना पाहिलंय. ती हसली. त्या प्रवासात ती हसलेली मी पहिल्यांदा पाहिली.

आत्या कापूस वेचत होत्या. आम्हाला पाहून थांबल्या नाहीत. सुनंदाने पदराची ओटी केली आणि शेजारच्या तासात, म्हणजे कपाशीच्या ओळीत, वेचायला लागली. नुसतं उभं राहणं बरं दिसेना म्हणून मीही लागले. बोंडाच्या वाळलेल्या टोकांनी माझी बोटं टोचून निघाली, आणि माझ्या ओटीत जे जमलं त्यात पालापाचोळाच जास्त होता. दोघी अर्धी ओळ वेचत गेल्या, तेव्हा कुठे सुनंदा बोलली.

"आत्या, आमचं देवक कळंबच आहे. मोर नाई."

"ठाव हाय मले."

"मग तुमच्या मनात काय आहे ते विचारायला आली मी. लग्न होऊ नये असं आहे का?"

आत्यांचे हात थांबले. त्यांनी सुनंदाकडे नीट पाहिलं. "म्या असं कवा म्हनलं? म्या कयंब हाय म्हनलं. लगन नको, असं कोनाच्या तोंडून आयकलं तुनं?"

"मग कसं करायचं?"

"तुले मामा हाय न? आर्वीचा?"

"आहे."

"मंग? मामाच्या मांडवातून लगन लावा. मामानं मुलगी आपली म्हून कन्यादान केलं त देवक मामाचं धरतात. चौधऱ्याच्या घरी उंबर हाय. हे काई मी आज काढलं का? तुह्या बापाले ठाव नाई का हे?" त्यांनी पुन्हा बोंड हातात घेतलं. "म्या वाट पाहून राह्यली होती, कवा आर्वीले जाते म्हून. त हा पुन्याले गेला."

सुनंदा तासात खाली बसली. मला वाटलं, आनंदानं. पण तिचा चेहरा तसा नव्हता.

"मामा येत नाईत आमच्याकडे," ती म्हणाली.

परत येताना तिने सांगितलं. दादाच्या लग्नात मामाला मानाचा फेटा बांधायचा राहून गेला होता. गडबडीत राहिला की वडिलांनी मुद्दाम राहू दिला, हे कोणालाच माहीत नव्हतं, बहुधा वडिलांनाही. मामा मांडवातून न जेवता उठून गेला. नंतर त्याच्याकडून कोणी आलं नाही आणि इकडून कोणी गेलं नाही. आर्वी सकाळच्या एस.टी.ने जाऊन जेवायला परत येण्याएवढ्या अंतरावर आहे. प्रभाकररावांना तिथे जाण्यापेक्षा तेराव्या शतकात जाणं सोपं वाटलं होतं.

आर्वी

घरी येऊन सुनंदाने आत्यांचं म्हणणं सांगितलं, आणि दुसऱ्या दिवशी आर्वीला जायचं ठरलं. त्याच दिवसाचं आमचं परतीचं तिकीट होतं. आगाश्यांनी ते बदलून घेतलं. "प्रकरण अर्धवट टाकून जाता येत नाही," म्हणाले, जणू मंडळाने त्यांना त्यासाठीच पाठवलं होतं.

स्टँडवर सगळ्यात आधी इंदूबाई येऊन उभ्या होत्या, हिरवं लुगडं नेसून. प्रभाकरराव मागाहून आले. काखेत कापडाच्या दुकानातलं पुडकं. ते पुडकं त्यांनी गाडीत मांडीवर ठेवलं, मग पायाशी ठेवलं, मग सुनंदाकडे दिलं, मग परत घेतलं. आर्वीकडे जमीन चढउताराची होते आणि संत्र्यांच्या बागा लागतात. गडद हिरवी, बुटकी झाडं, आणि आत लटकलेली पिवळी फळं. उन्हात आंबटगोड वास येत होता. आगाशे झोपले होते.

मामा, म्हणजे नारायणराव चौधरी, बागेत होते. झाडाला घोडा लावून, म्हणजे दोन पायांची शिडी उभी करून, ते वर चढले होते आणि फळं कातरून खाली टोपलीवाल्या बाईकडे देत होते. धिप्पाड माणूस, पांढऱ्या मिशा. आम्ही झाडाखाली येऊन उभे राहिलो. त्यांनी वरून पाहिलं आणि पुढचं संत्रं कातरलं.

"नारायणराव," प्रभाकरराव म्हणाले.

"बोला."

"सुनंदाचं लगन कराचं हाय."

"करा. आमाले काऊन सांगता? आमी कोन?"

प्रभाकररावांनी पुडकं सोडलं. केशरी फेटा होता. तो दोन्ही हातांवर धरून ते झाडाखाली उभे राहिले. हात हळूहळू वर नेले, पण शिडीपर्यंत पोचत नव्हते. "चुकलं माहं," ते म्हणाले. "तवाच बांधाले पायजे होता."

नारायणराव वर तसेच बसून राहिले. टोपलीवाली बाई टोपली डोक्यावर तशीच धरून उभी राहिली. कातरीचा आवाज थांबला होता आणि दूर कुठेतरी विहिरीवरचा पंप चालू होता. मला वाटलं, हा माणूस आता आणखी एक संत्रं कातरेल आणि आपण जसे आलो तसे परत जाऊ. प्रभाकररावांनी हात खाली घेतले नाहीत.

मग इंदूबाई पुढे झाल्या. शिडीची दांडी दोन्ही हातांनी धरली.

"नारायन, उतर खाली," त्या म्हणाल्या. "माह्या लेकीले मामा नाई का? मी काय तुह्या दारावर भांडाले आली का? उतर."

नारायणराव उतरले. खालच्या पायरीवर आले आणि तिथेच बसले, म्हणजे बहिणीच्या डोक्याच्या उंचीला. प्रभाकररावांनी फेटा पुढे केला. इंदूबाईंनी तो त्यांच्या हातातून घेतला आणि स्वतःच भावाच्या डोक्याला बांधायला लागल्या. त्यांना तो बांधता येत नव्हता. एक वेढा बसला की दुसरा सुटे. नारायणरावांनी एक टोक हाताने धरून ठेवलं. दोघंही डोळे पुसत होती आणि कोणी तसं दाखवत नव्हतं. शेवटी जे बांधलं गेलं ते फेट्यासारखं दिसत नव्हतं, पण डोक्यावर राहिलं.

"कोन पोरगा?" नारायणरावांनी विचारलं.

"राऊताचा. नाचनगावचा."

"कयंबवाले न?"

"हो. म्हून त आलो."

"मंग माह्या मांडवातून लाव," नारायणराव म्हणाले, जसं काही ही गोष्ट त्यांनाच सुचली होती. "सुनंदा, इकडं ये." सुनंदा पुढे गेली. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि बराच वेळ काढला नाही.

जेवणं झाली. नंतर अंगणात बसलो तेव्हा नारायणरावांना कोणीतरी सांगितलं की आगाशे चित्रं काढतात. ते लगेच म्हणाले, "मांडवाच्या पडद्यावर उंबर काहाडून द्या मले. मोठा. लोकायले दुरून दिसला पायजे."

आगाश्यांनी पेन्सिल काढली. "नुसत्या पानांचा की फळांचा?"

"फयांचा," नारायणराव म्हणाले. "इंदूच्या लग्नात म्या सोता खांद्यावर आनलता, फयानं लदलेला."

"कुठचे फय?" इंदूबाई आतून म्हणाल्या. "पानंच होते नुसते."

"फयं होते."

"पानं होते. मी त्याच्याच पुढं बसली होती."

"तू खाली मान घालून बसली होती. तुले काय दिसते?"

"सारं दिसत होतं मले. तू दाराच्या चौकटीले अडकला होता त्यायले घेऊन, तेई दिसलं."

इंदूबाई बाहेर येऊन उंबऱ्यावर बसल्या. प्रभाकररावांनी मध्ये काही बोलायचा प्रयत्न केला आणि दोघांनीही त्यांना गप्प केलं. मग चौकट कुठल्या बाजूची, फांदी कोणी तोडली, तोडणारा झाडावरून पडला होता की नाही, अशी एकेक गोष्ट निघत गेली. आगाश्यांनी पेन्सिल कानावर ठेवली आणि एक संत्रं सोलायला घेतलं. सुनंदा दाराशी उभी राहून आईकडे पाहत होती. स्टँडवर आमच्या गाडीची वेळ केव्हाच होऊन गेली होती, आणि उठायचं कोणी नाव काढत नव्हतं.